रेकॉर्डिंगसाठी कॅसेट डेक: आधी तानपुरा, कंपनीचं नाव नंतर

इंदूरला जुना कॅसेट डेक घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी कंपनीचं नाव बघतो, मग डॉल्बी, म्हणजे टेपची सळसळ कमी करणारी सोय, आहे का ते विचारतो आणि मीटरचे दिवे लागले की पैसे मोजतो. घरातल्या जुन्या कॅसेटी ऐकायच्या असतील तर एवढ्यावर भागतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर हा क्रम उलटा लावावा लागतो. टेप किती स्थिर वेगाने सरकते ते सगळ्यात आधी. मग तो डेक हातातल्या टेपला जुळवून घेता येतो का ते. डॉल्बी त्यानंतर. कंपनीचं नाव शेवटी, कारण तीस-चाळीस वर्षं वापरलेल्या यंत्राची आजची तब्येत त्याच्या जुन्या कीर्तीपेक्षा मोठी.

कॅसेटमधली टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. इतक्या कमी वेगात जराशी अडखळ झाली तरी सूर हलतो. संथ हेलकाव्याला वॉव आणि जलद थरथरीला फ्लटर म्हणतात. माहितीपत्रकात हा आकडा टक्क्यांत दिलेला असतो: ०.१ टक्का म्हणजे कामचलाऊ, ०.०५ किंवा त्याहून कमी म्हणजे चांगला. मात्र आकड्याशेजारी डब्ल्यूआरएमएस लिहिलंय की डिन, ते बघा. एकाच डेकचा डिन पद्धतीने मोजलेला आकडा साधारण दुप्पट येतो, त्यामुळे दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. आणि हे सगळे आकडे नव्या यंत्राचे. आज आतल्या रबरी रोलरचं आणि बेल्टचं काय झालंय, ते कागदावर नसतं.

म्हणून तानपुरा. सिनेमाच्या गाण्यात ढोलक, बेस, कोरस यांच्या गर्दीत वेगाचे दोष लपतात. तानपुऱ्याच्या अखंड षड्जात ते लपायला जागाच नाही. इंदूर हे उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाव. त्यांच्या पद्धतीच्या अतिविलंबित झुमरा तालात दोन मात्रांच्या मध्ये कितीतरी वेळ फक्त तानपुरा आणि सुराची आस उरते. तिथे डेक हलला तर ऐकणाऱ्याला गायकाचा सूर हलल्यासारखं वाटतं. हा अन्याय गायकावर होतो, म्हणून या मुद्द्यावर तडजोड करू नये.

तपासणी सोपी आहे. फोनवर तानपुऱ्याचं कुठलंही अ‍ॅप काळी एकमध्ये लावा, हेडफोनच्या भोकातून दोन आरसीए पिनांची केबल डेकच्या लाइन-इनला जोडा आणि एका चांगल्या सी-९० वर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांच्या कॅसेटवर, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पाच-पाच मिनिटं रेकॉर्ड करा. तीन ठिकाणी एवढ्यासाठी, की रिळावरची टेप कमी-जास्त होते तसा ताणही बदलतो. बरेच डेक कॅसेटच्या मध्यावर व्यवस्थित चालतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत डगमगतात. मग डोळे मिटून हेडफोनवर ऐका आणि हेलकावा किती वेळाने परत येतो ते मोजा, कारण दोष कुठे आहे ते त्यावरूनच कळतं. साधारण सेकंदाला एकदा येत असेल तर पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून धरणारं रबरी चाक: त्याचा व्यास १३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला एखादाच फेरा. सेकंदाला पाच-सात वेळा बारीक थरथर असेल तर टेप ओढणारा कॅपस्टन किंवा त्याचं फ्लायव्हील, म्हणजे वेग स्थिर ठेवणारं जड चाक, कारण कॅपस्टनची सळई दोन-तीन मिलिमीटर जाडीची. दीड ते तीन सेकंदांनी झोका येत असेल तर रिळं, त्यांचा क्लच किंवा खुद्द कॅसेट. अशा वेळी डेकला नाव ठेवण्याआधी दुसरी कॅसेट लावून बघा.

पिंच रोलर बाहेरूनही खूप काही सांगतो. कॅसेटचं दार उघडून टॉर्चने बघा. चांगला रोलर मंद काळा दिसतो आणि नखाने दाबला की किंचित दबतो. आरशासारखा चकाकत असेल तर रबर कडक झालंय. मधोमध तपकिरी पट्टा असेल तर ती टेपची झडलेली पावडर, ती पुसता येते. त्या पट्ट्याच्या जागी खळगा पडला असेल तर रोलर बदलायलाच हवा. घासपेपरने घासून गुळगुळीत करण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात, तो मानू नका. हाताने घासलेला रोलर गोल राहत नाही आणि सेकंदाला एकदा येणारा तो हेलकावा कायमचा बसतो.

यात एक फसवी जागा आहे. डेकचा मूळ वेगच कमी-जास्त असेल, तर त्याच डेकवर रेकॉर्ड करून त्याच डेकवर वाजवल्यावर ती चूक कळत नाही, दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे खपून जाते. कळते ती कॅसेट दुसऱ्याच्या घरी वाजली की. वेग १ टक्का चुकला तर सूर सुमारे १७ सेंट सरकतो. ६ टक्के चुकला तर पूर्ण अर्धस्वर, म्हणजे काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. त्यासाठी ३००० किंवा ३१५० हर्ट्झचा सूर असलेली टेस्ट कॅसेट आणि फोनवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं अ‍ॅप लागतं. ३१५० ऐवजी ३१३५ ते ३१६५ च्या आत सूर स्थिर असेल तर ठीक, म्हणजे अर्ध्या टक्क्यात. बाहेर असेल तर बऱ्याच डीसी मोटरींच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आतला स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने अगदी थोडा फिरवायचा. काही डेकमध्ये ही सोय बोर्डवर असते. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर थेट कॅपस्टनला जोडलेल्या, डेकला सहसा याची गरज पडत नाही.

एक कॅपस्टन की दोन? दोन कॅपस्टन असले की हेडसमोरचा टेपचा तुकडा दोन्ही बाजूंनी धरलेला राहतो आणि कॅसेटच्या आतल्या खडखडाटाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. सगळं व्यवस्थित असेल तर हीच रचना उत्तम. पण दोन्ही रोलर सारखे नसतील, एक कडक आणि एक नवा असेल, तर टेप मध्येच फुगते, कडेला दुमडते आणि चुरगळते. जीर्ण झालेल्या दोन कॅपस्टनच्या डेकपेक्षा नीट देखभाल केलेला एका कॅपस्टनचा डेक घ्यावा, हे माझं ठाम मत.

आता हेड. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या डेकमध्ये दोन हेड असतात: एक जुनं रेकॉर्डिंग पुसायला, एक रेकॉर्ड आणि प्ले दोन्हीला. तीन हेडच्या डेकमध्ये रेकॉर्ड आणि प्ले वेगळे. याचं कारण हेडच्या फटीत आहे. ४.७६ सेंटिमीटरच्या वेगाला १५ किलोहर्ट्झचा सूर टेपवर सुमारे ३.२ मायक्रॉन लांबीचा उमटतो. तो वाचायला फट एक मायक्रॉनच्या आसपास हवी, लिहायला मात्र त्याहून बरीच रुंद असलेली बरी. एकाच हेडने दोन्ही कामं करायची तर मधला मार्ग काढावा लागतो. पण रेकॉर्डिंग करणाऱ्याला तीन हेडचा खरा फायदा वेगळाच मिळतो: रेकॉर्डिंग चालू असतानाच टेप आणि सोर्स असं बटण फिरवून टेपवर काय उमटलं ते पाव सेकंदाच्या आत ऐकता येतं. मैफल संपल्यावर कळण्यापेक्षा पहिल्या आलापातच कळलं की एका बाजूचा आवाज गेलाय, तर हेड पुसून पुढचं सगळं वाचवता येतं.

याच बटणामुळे बायस कानाने जुळवता येतो, आणि चांगल्या आवाजाचं निम्मं गुपित बायसमध्ये आहे. रेकॉर्ड करताना संगीताबरोबर ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह हेडला दिला जातो, तो बायस. कमी पडला तर आवाज चिरका आणि फाटका होतो, जास्त झाला तर वरचे स्वर दबतात, तबल्याची चाट बोथट होते. प्रत्येक टेपची बायसची भूक वेगळी: टाइप १ म्हणजे साध्या टेपपेक्षा टाइप २ म्हणजे क्रोमला साधारण दीडपट, टाइप ४ म्हणजे मेटलला अडीचपट. हा मोठा फरक डेक कॅसेटच्या पाठीवरच्या खाचांवरून ओळखतो. पण एकाच टाइपमधल्या दोन कंपन्यांच्या टेपमध्ये जो बारीक फरक असतो तो कुठलीही खाच सांगत नाही. त्यासाठी डेकवर बायसची घुंडी हवी. घुंडी नाही आणि आपोआप जुळवणीही नाही, असा डेक रेकॉर्डिंगसाठी घेऊ नका, मग त्यावर कितीही बटणं असोत.

जुळवायची पद्धत अशी. डॉल्बी बंद ठेवा. फोनवरून पिंक नॉइज द्या, किंवा एफएम ट्यूनर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून तिथली सळसळ घ्या. मीटरवर पातळी उणे २० डेसिबलला ठेवा, त्याहून जास्त नको, नाहीतर टेपच वरचे स्वर खाईल आणि तुम्ही बायसला दोष द्याल. रेकॉर्ड सुरू करून टेप आणि सोर्स आलटून पालटून ऐका. टेपची सळसळ मंद वाटली तर बायस कमी करा, जास्त तीक्ष्ण वाटली तर वाढवा. दोन्हींत फरक कळेनासा झाला की थांबा. डेकवर रेकॉर्ड लेव्हल कॅलिब्रेशनची वेगळी घुंडी असेल तर ती आधी ४०० हर्ट्झच्या सुरावर जुळवा, मग बायस, मग पुन्हा लेव्हल एकदा तपासा. दोन हेडच्या डेकवर हेच काम वेळखाऊ आहे: घुंडी डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे ठेवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे रेकॉर्ड करा, मागे नेऊन ऐका, जवळचा निवडा, त्याच्या आसपास पुन्हा तीन घ्या. टेपची कंपनी बदलली की सगळं परत. म्हणूनच एका जातीच्या कॅसेटी एकदम दहा-वीस घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

ॲझिमथ, म्हणजे हेडची फट टेपला काटकोनात असणं, याबद्दल एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे. हेड अंशाच्या फक्त सहाव्या भागाने तिरकं असेल तर १५ किलोहर्ट्झला सुमारे ५ डेसिबल जातात. एवढा तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच कळतो. ऑटोरिव्हर्स डेकमध्ये हेड दर वेळी उलटं फिरून जागेवर बसतं आणि प्रत्येक वेळी तिथेच बसेल याची खात्री जुन्या यंत्रात नसते. रेकॉर्डिंगसाठी ऑटोरिव्हर्स टाळावा तो या कारणाने. डबल डेक बहुतेकदा दोन हेडचे आणि साध्या यंत्रणेचे असतात. दुप्पट वेगाने कॉपी करण्याचं त्यांचं बटण तर चांगल्या आवाजासाठी विसरूनच जावं. आजही नवा मिळणारा टीॲकचा डब्ल्यू-१२०० याच वर्गातला, दोन हेडचा. नव्या डेकची हमी मिळते ही त्याची मोठी बाजू, पण खरी डॉल्बी त्यात नाही.

डॉल्बी रेकॉर्ड करताना मंद असलेले वरचे स्वर उचलून टेपवर लिहिते आणि वाजवताना तितकेच खाली आणते. त्यासोबत टेपची सळसळही खाली जाते. बी मध्ये सुमारे १० डेसिबल, सी मध्ये २०, आणि १९९० च्या सुमारास आलेल्या एस मध्ये वरच्या स्वरांत २४. गंमत अशी की उचलणं आणि खाली आणणं यांचा हिशोब तंतोतंत जुळायला हवा. बायस चुकलेला, पातळी चुकलेली, हेड तिरकं, अशा डेकवर डॉल्बी लावली की ती चूक मोठी होऊन ऐकू येते आणि लोक म्हणतात डॉल्बीने आवाज दबतो. दोष डॉल्बीचा नसतो. जुळवणी झालेली असेल तर शास्त्रीय गायनाला बी जरूर लावा, आलापाच्या शांततेत सळसळ फार बोचते. सी आपल्याच डेकवर वाजवायच्या कॅसेटींसाठी ठेवा. एस मिळाली तर सोनं. जुळवणीची सोय नसेल तर डॉल्बी बंदच बरी. एचएक्स प्रो हे नाव दिसलं तर ती सळसळ कमी करणारी योजना समजू नका: संगीतातले वरचे स्वर स्वतःच बायसचं काम करतात, तेव्हा खरा बायस तितका कमी करायचा, एवढं ती रेकॉर्डिंगच्या वेळी करते. वाजवताना तिचं काही काम नाही, म्हणून ती चालू ठेवून केलेली कॅसेट कुठेही वाजते.

एमपीएक्स फिल्टरची कळ बरेचजण कधी हलवतच नाहीत. एफएम स्टीरिओत १९ किलोहर्ट्झचा एक पायलट सूर असतो. तो डेकमध्ये शिरला तर डॉल्बीला वाटतं वरचे स्वर भरपूर आहेत आणि तिचं गणित बिघडतं. ट्यूनरवरून विविध भारती घेत असाल तर कळ चालू ठेवा, एलपी किंवा फोनवरून घेताना बंद.

माहितीपत्रकातला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ हा आकडा उणे २० डेसिबलला मोजलेला असतो. पूर्ण पातळीला कुठलीही कॅसेट १५ किलोहर्ट्झ धरून ठेवत नाही. म्हणून पातळी ठरवताना कुठली वाद्यं आहेत ते बघायचं. ख्याल, हार्मोनियम, तबला असेल तर टाइप १ वर शिखरं अधिक ३ डेसिबलपर्यंत जाऊ द्यायला हरकत नाही, मेटलवर अधिक ५. भजनात टाळ आणि मंजिरी असतील, नाचात घुंगरू असतील, तर शून्याच्या वर जाऊ नका. त्यांची सगळी ताकद वरच्या स्वरांत असते आणि ती आधी फाटते. काट्याचा मीटर असेल तर आणखी सांभाळून: काट्याला पूर्ण चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात, तबल्याचा ‘ना’ त्याआधीच होऊन गेलेला असतो. काटा उणे ३ दाखवतोय आणि टेप फाटतेय, असं सर्रास होतं. मैफलीत माइक थेट डेकला लावण्यापेक्षा छोट्या मिक्सरचं टेप-आउट घ्या. उशिराच्या काळातल्या बऱ्याच डेकना माइकचं भोकच नसतं. आणि कलाकाराची परवानगी आधी घ्यायची, हे वेगळं सांगायला नको.

टेपची लांबी हाही निवडीचाच भाग. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची आणि मोठा ख्याल द्रुतासकट सहज त्यापलीकडे जातो. मग सी-१२० चा मोह होतो. टाळा: सी-६० ची टेप साधारण १८ मायक्रॉन जाड, सी-९० ची १२, सी-१२० ची ९. एवढी पातळ टेप ताणली जाते, रोलरला गुंडाळते आणि एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उतरतो. विलंबित संपून द्रुत सुरू होण्याच्या मधल्या क्षणी बाजू पलटा, तेवढा वेळ तबलजी सहसा देतात. आज नव्याने मिळणाऱ्या बहुतेक कॅसेटी, उदाहरणार्थ मॅक्सेल यूआर, टाइप १ च्या आहेत. टीडीके एसए किंवा मॅक्सेल एक्सएल २ सारख्या टाइप २ जुन्या साठ्यातूनच शोधाव्या लागतात. टॅब मोडलेल्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करायला चिकटपट्टी लावाल तेव्हा फक्त टॅबच्या जागीच लावा. शेजारची टाइपची खाच झाकली गेली तर डेक तिला टाइप १ समजतो आणि बायस अपुरा पडतो.

डेक मुंबईहून किंवा दिल्लीहून मागवत असाल तर आधी पाठीमागचं व्होल्टेज वाचा. जपानच्या देशी बाजारातले डेक १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० चे. आपल्या २३० वर लावले की ट्रान्सफॉर्मर जळतो. डेकला २०-३० वॉट लागतात, तेव्हा ५० ते १०० व्हीएचा स्टेप-डाउन पुरतो, पण १०० व्होल्टच्या डेकला १०० व्होल्टचाच हवा. सत्तरच्या दशकातल्या काही डेकमध्ये एसी मोटर असते. अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठीची मोटर आपल्या ५० वर सहाव्या भागाने हळू फिरते, आणि त्याला ट्रान्सफॉर्मर काही करू शकत नाही.

नावांबद्दल थोडक्यात. नाकामिचीने १९७३ मध्ये मॉडेल १००० काढून तीन हेडचा कॅसेट डेक आणला. ॲझिमथ आपोआप जुळवणारा ड्रॅगन १९८२ चा. दोन्ही अप्रतिम, आणि दोन्ही दुरुस्त करणारा हात जवळ नसेल तर घेऊ नयेत. बीएक्स-३०० जास्त व्यवहार्य, फक्त रिळं फिरवणाऱ्या आयडलरचं रबर बदललंय का ते विचारा. सोनीचे टीसी-के६११एस आणि टीसी-केए३ईएस हे तीन हेडचे आणि डॉल्बी एस असलेले, म्हणून शोधण्यासारखे. बजेट कमी असेल तर बायसची घुंडी असलेला, सरळ एकाच दिशेने चालणारा, दोन हेडचा कुठलाही चांगला जपानी डेक.

घेतल्यावर पहिलं काम बेल्टचं. जुने बेल्ट एकतर सैल होतात किंवा डांबरासारखे वितळून पुलीला चिकटतात. जेल रोडला केबल आणि पिना मिळतील, पण नेमक्या मापाचा बेल्ट मिळेलच असं नाही, त्यामुळे जुना फेकू नका. त्याचा आतला परीघ आणि जाडी मोजून ठेवा आणि नवा परिघात साधारण ५ टक्के लहान मागवा. हेड आणि कॅपस्टन दर दहा तासांनी ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुलै ते सप्टेंबर कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात उभ्या ठेवा. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी, आणि अशी कॅसेट रेकॉर्डिंगच्या डेकमध्ये एकदाही घालू नका: बुरशीची पूड हेडवर आणि रोलरवर बसते आणि पुढच्या स्वच्छ कॅसेटला लागते. प्रत्येक कॅसेटच्या कार्डावर तारखेबरोबर डॉल्बी कुठली, बायसची घुंडी कुठे आणि डेक कोणता, एवढं पेन्सिलीने लिहून ठेवा.